आंब्याखालचं इंजिन

मी कुणाकडे कधी काही मागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण फिजीतल्या आमच्या वाइनिवी गावात असं वागणाऱ्या बाईला लोक आजारी समजतात. इथे मागणं हाच धर्म आहे, आणि त्याला केरेकेरे म्हणतात. नात्यातला माणूस दारात येऊन बसतो, पावसापाण्याच्या गप्पा मारतो, चहा पितो, आणि उठता उठता हळूच म्हणतो की तुमची ती कुऱ्हाड मला लागेल. मग कुऱ्हाड द्यायची. नाही म्हणायची सोय नाही, आणि परत मागायची तर त्याहून नाही. दिलं ते गेलं. बरं, नात्यातला नाही असा माणूस शोधायचा तर होडीत बसून तिसऱ्या बेटावर जावं लागेल.

माझा नवरा इसोआ तर या धर्मातला संतच. त्याच्या अंगावरचा शर्ट मागितला तर तो आधी बटणं नीट शिवून देईल. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने आमची गादी दिली, दुसऱ्या वर्षी डुक्कर दिलं, पोटुशी डुकरीण होती ती. मी बडबडले की म्हणतो, "वासिती, ते आपलेच आहेत." आपलेच आहेत म्हणूनच तर वैताग आहे. परके असते तर मी पोलिसात गेले असते.

आमच्याकडे एक जुनी पिकअप होती. दोन वर्षांपूर्वी इसोआचा मावसभाऊ सेमी ती एका मयताला जायला घेऊन गेला, स्वतःची पिकअप असताना, का तर त्याच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही हे त्याने बघितलं नाही. डोंगरावर इंजिन तापलं, चिकटलं आणि संपलं. ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरने ओढत गाडी घरी आली, तेव्हा सेमी रडत होता. आमच्या संताने त्यालाच पोटाशी धरलं आणि जेवायला बसवलं. मी वाढलं. काय करणार?

गाडी गेली त्याचं मला एवढं दुःख नव्हतं. पण त्याच सुमाराला आमची लेक अलिसीही घरातून गेली. तेरा वर्षांची होती. इसोआची थोरली बहीण सालोते सावुसावूला राहते, आमच्यापासून अठरा किलोमीटर. तिचा नवरा वारला, एकुलता मुलगा परदेशी फौजेत, घर खायला उठलेलं. तिने सोबतीला अलिसी मागितली आणि अलिसी गेली, इतकं साधं झालं ते. शाळाही सावुसावूलाच होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. बस आमच्या गावात येत नाही, पक्क्या रस्त्यापर्यंत चार किलोमीटर चिखल आहे. पोर वर्षातून दोनदा घरी यायची, एरवी मी बाजाराला गेले की दहा मिनिटं भेटायची. प्रत्येक वेळी थोडी उंच झालेली असायची. मी तिच्या उंचीकडे बघत बसायचे आणि दहा मिनिटं संपायची.

इसोआ म्हणायचा, गाडी चालू होऊ दे. गाडी चालू झाली की अलिसी घरी राहील, मी रोज सकाळी तिला शाळेत सोडीन. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी शाळा सुरू होणार होती. त्याच्या आत गाडी चालू झाली नसती तर आणखी एक वर्ष गेलं असतं. असल्या वर्षांत मुलींच्या बायका होतात, आणि आईला ते बाजारात उभ्या उभ्या कळतं.

म्हणून डिसेंबरच्या तोंडाशी आम्ही चार वर्षं वाढवलेला यांगोना उपटला. यांगोना म्हणजे ती मुळी, कुटून पाण्यात कालवून आमचे पुरुष करवंटीतून पितात ती. जीभ बधिर होते आणि माणसाला कुठे जायचं होतं ते आठवत नाही. तो जवळपास सगळा विकून लाबासाच्या बिसुनभाईंच्या भंगारखान्यातून वापरलेलं इंजिन आणलं. बिसुनभाईंनी ते मालवाहू गाडीत चढवून दिलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, इंजिन पूर्ण आहे. स्टार्टरपासून हवेच्या गाळणीच्या झाकणापर्यंत. पूर्ण आहे तोवर बसवून टाका. तुमच्या लोकांना मी चाळीस वर्षं ओळखतो." मला राग आला होता. भंगारवाल्याने आम्हाला शिकवावं!

इंजिन घरामागच्या आंब्याखाली उतरवलं. इसोआ पाने घेऊन सरसावला, तेवढ्यात गावप्रमुख इनोके आले. इनोके हे मोठे नियमाचे गृहस्थ. त्यांनी इंजिनाला एक फेरी मारली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, हे लाबासाहून आलं ना? म्हणजे दुसऱ्या प्रांतातून. बाहेरून आलेल्या पाहुण्याचं गावात रीतसर स्वागत झाल्याशिवाय त्याला कामाला लावणं बरं दिसेल का?

मी म्हटलं, ते लोखंड आहे. इनोके म्हणाले की गेल्या वर्षी सरकारी पाण्याची टाकी स्वागताशिवाय बसवली होती, ती आजवर गळते आहे. यावर सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. ती टाकी इनोकेंच्या पुतण्याने बसवली म्हणून गळते हे सगळ्यांना माहीत होतं, पण तसं बोलायची पद्धत नाही.

झालं. आंब्याखाली चटया अंथरल्या. इंजिनाला मधल्या चटईवर बसवलं, सेमीच्या बायकोने फुलांची माळ करून आणली ती पंख्यात अडकवली. परातीत यांगोना कालवला. इंजिनाच्या वतीने बोलायला कुणीतरी हवं, म्हणून सेमी बोलला. आपण लांबून आलो, वाट खडतर होती, आपल्याला इथे आसरा मिळावा, असं तो इंजिनाच्या तोंडून म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला. इनोकेंनी आसरा दिला. टाळ्या झाल्या. पहिली करवंटी पाहुण्यांच्या मानाची, ती इंजिनापुढे धरली आणि मग सेमीनेच पिऊन टाकली. अंधार पडेपर्यंत बसले सगळे, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला पाना उचलवेना.

इसोआच्या हातात कला आहे, हे मी रागातही नाकारणार नाही. पुढच्या आठवड्यात त्याने एकट्याने गाडीतलं चिकटलेलं इंजिन मोकळं केलं. बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला, नळ्या, तारा, सगळं सोडवून प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्या क्रमाने फळीवर मांडून ठेवला. आंब्याच्या जाड फांदीला चेनपुली बांधली, इंजिन वर ओढलं आणि खालून गाडी मागे ढकलली. आंबा हलत नाही, म्हणून गाडी हलवायची. इतकं सुबक काम झालं की मी न बोलता चहा दिला. वाटलं, नाताळाच्या आत अलिसीचं अंथरूण घरात पडणार.

तिथून चक्रं उलटी फिरली. सेमीच्या गाडीला नेमका आमच्यासारखाच स्टार्टर लागतो. तो सकाळी येऊन बसला. पाऊस, चहा, मुलांचं शिक्षण, आणि उठताना म्हणाला, नाहीतरी तुझं इंजिन बसायला वेळ आहे. माझ्या देखत, चुलीपासून चार पावलांवर, इसोआने दोन बोल्ट सोडले आणि स्टार्टर फडक्यात गुंडाळून दिला. फडकंही माझंच.

त्यानंतर आमचे पाद्रीबाबा आले. त्यांच्या व्हॅनचा अल्टरनेटर गेला होता, बॅटरी चार्ज होत नव्हती, आणि नाताळात पाच गावांत प्रार्थना. देवाच्या कामाला कोण नाही म्हणणार? अल्टरनेटर गेला, त्याच्याबरोबर पट्टाही गेला, कारण पट्ट्याशिवाय अल्टरनेटर फिरत नाही हे पाद्रीबाबांना बरोबर माहीत होतं. इंजिनावर घातलेली ताडपत्री एका लग्नाच्या मांडवावर चढली. हवेच्या गाळणीचं गोल झाकण इनोकेंच्या बायकोच्या पातेल्यावर नेमकं बसलं, ती म्हणाली असं झाकण मी वर्षभर शोधत होते. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने पातेल्यातले अळूचे कंद आमच्याकडे पाठवून दिले, झाकण न घालता.

जानेवारीचा दुसरा आठवडा उलटला तेव्हा आंब्याखाली जे उरलं होतं त्याला इंजिन म्हणायला जीभ रेटत नव्हती. इसोआ त्याच्या शेजारी बसून राही. मी विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला की लोकांची गरज भागली की आणून देतील. मी विचारलं, आजवर काय परत आलंय? त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, आपलं चिकटलेलं इंजिन.

त्या दिवशी मी त्याला नको नको ते बोलले. म्हटलं, तुझ्या जिभेला 'नाही' हा एक शब्द उच्चारता येत नाही, आणि त्यापायी माझी पोर परक्या घरात वाढतेय. तो म्हणाला, सालोतेचं घर परकं कसं? मी म्हटलं, तूही दिलदार, तुझी बहीणही मागण्यात दिलदार, मधल्यामध्ये आई मेली. माझ्याकडे बघून नजर वळवली त्याने. मला वाटलं शरमला. मी आणखी दोन शब्द सुनावले.

तरी मागायला मी कुणाच्या दारात गेले नाही. मागणं माझ्या रक्तात नाही. माझी पद्धत वेगळी.

शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते. रविवारी देवळात पाद्रीबाबा दातृत्वावर बोलले. सव्वा तास बोलले. बाहेर पडल्यावर त्यांनी व्हॅनला किल्ली दिली आणि व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग सेमीने आपली पिकअप सुरू केली. सगळं गाव अंगणात उभं होतं. मी इसोआचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाले, "इसोआ, ऐक. आपली गाडी चालू झाली. स्टार्टर सेमीकडे बोलतोय, अल्टरनेटर पाद्रीबाबांकडे गातोय. झाकण इनोकेंच्या चुलीवर वाफ सोडतंय. एवढी लांब गाडी साऱ्या फिजीत कुणाची नसेल."

आमची माणसं रागावलेल्या बाईला घाबरत नाहीत, हसण्याला घाबरतात. आधी म्हाताऱ्या बायका हसल्या, मग पोरं, मग सेमीची स्वतःची बायको. तीन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. सेमीने गाडी सुरू केली की पलीकडून कुणीतरी ओरडायचं, "इसोआ, तुझी गाडी निघाली रे!" पाद्रीबाबा व्हॅन घरी ठेवून दोन दोन किलोमीटर पायी जाऊ लागले.

बुधवारी पाद्रीबाबा अल्टरनेटर आणि पट्टा घेऊन आले. पण दिलेलं परत करणं हा देणाऱ्याचा अपमान, त्यामुळे ते परत करायला आले नव्हते. ते भेट द्यायला आले होते. इसोआच्या कुटुंबाची अडचण देवाने आपल्या कानावर घातली, असं म्हणून त्यांनी आमचाच अल्टरनेटर आम्हाला अर्पण केला. इसोआने खाली मान घालून स्वीकारला आणि आभार म्हणून यांगोनाची एक जुडी त्यांच्यापुढे ठेवली, घरात उरलेली शेवटची. संध्याकाळी सेमीनेही तसाच स्टार्टर दान केला. त्याचंही भाषण झालं. झाकण तेवढं आलं नाही, इसोआने त्या जागी खाण्याच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ कापून बसवला. मी मागितलं नव्हतं काही. मी फक्त बोलले होते. माझी मान ताठ होती.

शुक्रवारी इंजिन बसवलं. इंजिन फांदीला टांगलेलं, आणि गाडी खाली ढकलायला बारा पुरुष. ढकलणारे तिघे, हुकूम सोडणारे नऊ. पुढे, मागे, थोडं डावीकडे, अरे इकडचं डावीकडे. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या भोकात जाईना. इनोके म्हणाले, स्वागत झालं पण निरोप झाला नाही, लाबासात त्याला रीतसर निरोप द्यायला हवा होता. इसोआने पेरूची एक फांदी आणली, चाकूने ती तासून तासून नेमकी त्या दांड्याच्या जाडीची केली, ती भोकात घालून क्लचची चकती मधोमध आणली आणि काठी बाहेर काढून म्हणाला, ढकला. दांडा आत सरकला तेव्हा इतका हलका आवाज झाला की नऊ जणांना तो ऐकूच आला नाही, ते अजून हुकूम सोडत होते. मला ऐकू आला. त्या क्षणी मला माझा नवरा फार आवडला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

शनिवारी सकाळी डिझेलच्या नळीतली हवा काढून त्याने किल्ली फिरवली. चौथ्या वेळेला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि चालू राहिलं. मी रडले. का रडू नये? परवा सोमवार होता.

मी नवा झगा घातला, कपाटातली चांगली चटई गुंडाळून घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मागे वळून बघते तर हौद्यात चौदा माणसं. सेमी, त्याची बायको, दोन म्हाताऱ्या, कोंबड्यांची टोपली. गाडी सावुसावूला चालली आहे असं कळलं होतं. एका मुलीला आणायला आम्ही सोळा जण निघालो.

सालोतेचं घर समुद्राकडे तोंड करून आहे. इसोआने गाडी फाटकाबाहेर उभी केली आणि तो आतच बसला. आमच्यात सख्खे बहीणभाऊ मोठे झाल्यावर एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत, तो आदर आहे. घरातली बोलणी भावजयीने करायची. हौद्यातली माणसं झाडाखाली जाऊन बसली. मी एकटी आत गेले.

मी काय बोलायचं ते अठरा किलोमीटर घोकत आले होते. सालोतेने बसायला दिलं, लिंबाच्या पाल्याचा चहा दिला. मी म्हटलं, "वन्सं, गाडी दुरुस्त झाली. इसोआ आता रोज अलिसीला शाळेत सोडू शकेल." ती म्हणाली, चांगलं झालं. मी म्हटलं, घरात जागा भरपूर आहे. ती म्हणाली, हो, तुझं घर मोठं आहे. मी म्हटलं, सोमवारी शाळा आहे. ती म्हणाली, आहे खरी. आणि चहा प्यायली. आतल्या खोलीच्या पडद्याखाली मला अलिसीचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

मी आणखी एकदा गाडीचं पुराण लावलं. सालोते ऐकत राहिली. ती मला अडवत नव्हती, मदतही करत नव्हती. फक्त वाट बघत होती, आणि ती कशाची वाट बघते आहे हे मला उमगलं. मला मागावं लागणार होतं. सांगून, टोमणा मारून, गाव हसवून हे होणार नव्हतं.

मी खुर्चीवरून उतरले. चटई तिच्यापुढे ठेवली, जमिनीवर बसले, मान खाली घातली आणि म्हणाले, "वन्सं, माझी मुलगी मला द्या."

सालोतेने दोन्ही हातांच्या ओंजळी करून टाळी वाजवली, स्वीकाराची. म्हणाली, "घेऊन जा." मग ती स्वतःच माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "वासिती, मी तिला शंभर रात्रींपुरती मागितली होती. सुतकाच्या शंभर रात्री संपेपर्यंत. आठवतंय का तुला? तू म्हणालीस, शंभर कशाला वन्सं, तुमचीच समजा. एकशे एकाव्या दिवशी मी तिची पिशवी भरून ठेवली आणि तू मागायला येशील म्हणून दारात बसले. तू बाजारातून तशीच परत गेलीस. न मागता मी पाठवली असती तर तुला वाटलं असतं, मला नकोशी झाली."

मला आठवत होतं. खोटं कशाला बोलू? मयताच्या घरी, माझ्याच तोंडून निघालं होतं ते, चार बायकांसमोर दिलदार दिसावं म्हणून. इसोआ तेव्हा बाहेर पुरुषांत बसला होता. त्याला रात्री कळलं, आणि दोन वर्षांत त्याने मला एकदाही ते बोलून दाखवलं नाही. मी मात्र त्याला रोज सुनावत होते. मला तिथे जमिनीवर बसून स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

अलिसी पडद्याआडून बाहेर आली. माझ्यापेक्षा उंच झाली होती. तिने पिशवी घेतली, आत्याच्या गळ्यात पडली आणि गाडीत आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. हौदा भरला. गाडी निघाली. इंजिन सुरेख चाललं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. टेकडी चढून जाईपर्यंत पोरगी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

मी म्हटलं, "अलिसी, चुकलं माझं. गाडी नव्हती म्हणून—"

"गाडीचं काय, आई? रस्त्यापर्यंत चार किलोमीटर तर आहेत. मी चालले असते." ती समोर बघत होती. "आत्याने तुला विचारलं. तू आत्याला विचारलंस. गावाने इंजिनालासुद्धा विचारलं, मघाशी फाटकात सेमीकाका सांगत होते, त्याच्या वतीने बोलायला माणूस होता. मला कुणी विचारलं?"

इसोआने गाडी बाजूला घेऊन उभी केली. हौद्यात गडबड सुरू होती, ती थांबली. मला वाटलं तो काही बोलेल, पण तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "मग आता विचारते. येतेस घरी?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. दोन महिने मी त्या इंजिनासाठी तळमळले, पण त्या पाच मिनिटांत माझा जीव जसा टांगणीला लागला तसा कधी लागला नव्हता. कारण ती नाही म्हणू शकत होती. आमच्या साऱ्या गावात तेवढी एकटीच.

"येते," ती शेवटी म्हणाली. "पण शुक्रवारी संध्याकाळी आत्याकडे जाणार आणि रविवारी परत येणार. ती एकटी जेवत नाही. आणि हे तिला तू सांगायचं नाहीस, मी सांगणार. आत्ता."

इसोआने गाडी वळवली. मागे चौदा माणसं होती, कुणी काही विचारलं नाही.